कोर्तेसचे ठरावधारक

दूध संघाची निवडणूक लागली की कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावी एकाच शब्दाची चर्चा असते: ठराव. गावच्या दूध संस्थेची सभा बसते, संघाच्या निवडणुकीत संस्थेच्या वतीनं मत कुणी द्यायचं ते ठरतं, कागदावर नाव चढतं, खाली सह्या आणि संस्थेचा शिक्का. त्या घडीपासून तो माणूस ठरावधारक. पहाटे उठून धार काढणारी बाई, डेअरीवर किटली घेऊन जाणारा पोरगा, म्हशीला वैरण टाकणारा म्हातारा, या सगळ्यांचं मिळून एक मत होतं आणि ते एका खिशात जातं. म्हणूनच त्या निवडणुकीत ठरावांची मोजदाद होते, माणसांची होत नाही.

स्पेन-पोर्तुगालच्या मध्ययुगीन राजसभा, म्हणजे कोर्तेस, समजून घेताना हा ठराव हातात असला की निम्मं काम झालं. तिथंही नगराच्या माणसाला राजासमोर उभं राहायला शिक्क्याचा कागद लागायचा. त्या माणसाला प्रोकुरादोर म्हणत आणि त्याच्या कागदाला पोदेर. पोदेर म्हणजे अधिकार. तो कागद कुणी लिहिला, त्यात काय लिहिलं, तो घेऊन जाणाऱ्याचा भत्ता कुणी दिला आणि कुणाच्या नावानं तो कागद कधी निघालाच नाही, एवढं तपासलं की नगरवासी आणि शेतकरी यांना त्या सभांत किती जागा होती ते कळतं.

सुरुवात लेओन राज्यापासून. 1188 च्या जानेवारीत राजा फेर्नान्दो दुसरा वारला. मुलगा आल्फोन्सो नववा तेव्हा अवघा 16 वर्षांचा. खजिना रिता, पूर्वेला कास्तील आणि पश्चिमेला पोर्तुगाल, दोघांचाही डोळा जमिनीवर. अशा वेळी त्यानं लेओन शहरात सभा बोलावली. सान इसिदोरोच्या चर्चच्या आवारात ती भरली असं मानतात. बिशप आले, सरदार आले, यात नवल नव्हतं. राजाचा दरबार त्यांचाच होता. नवल पुढच्या एका ओळीत आहे. त्या सभेच्या लॅटिन दस्तात प्रत्येक नगरातले निवडलेले नागरिकही हजर असल्याची नोंद आहे. इंग्लंडमध्ये नगरांचे प्रतिनिधी बोलावले गेले ते 1265 मध्ये, म्हणजे 77 वर्षांनी. युनेस्कोनं 2013 साली या 1188 च्या दस्तांना जागतिक स्मृती नोंदवहीत जागा दिली ती याच कारणानं.

राजानं त्या सभेत दिलेली वचनं आजही वाचण्याजोगी आहेत. बिशप, सरदार आणि भल्या माणसांच्या सल्ल्याशिवाय युद्ध, तह किंवा करार करणार नाही. कुणी कुणावर चुगली केली तर आरोप झालेल्याला आरोप करणाऱ्याचं नाव सांगितलं जाईल आणि आरोप शाबीत झाला नाही तर शिक्षा चुगलखोराला. दुसऱ्याच्या घरात जबरदस्तीनं शिरणं हा गुन्हा. ‘भली माणसं’ हा शब्द आपल्याकडच्या जुन्या कागदांतल्या ‘समस्त गोत’सारखा वाचावा. गावातली वजनदार, कर भरणारी, घोडा किंवा दुकान बाळगणारी माणसं असा त्याचा अर्थ. सगळी वस्ती त्यात येत नव्हती.

राजाला ही माणसं हवी होती ती पैशासाठी. हे 14 वर्षांनी उघड झालं. 1202 मध्ये बेनाव्हेंते इथल्या सभेत एक सौदा झाला. राजाकडे नाणं पाडायचा हक्क होता. नाण्यातली चांदी कमी करायची आणि तेच नाणं जुन्या भावानं चालवायचं, यात राजाचा फायदा आणि बाजाराचं नुकसान. भाव चढतात, उधारी बुडते, परगावचा व्यापारी नाणं घेत नाही. नगरांनी सांगितलं की सात वर्षं नाण्याला हात लावायचा नाही आणि त्या बदल्यात, ज्यांना सूट नाही त्या प्रत्येकाकडून एक माराव्हेदी, म्हणजे एक नाणं, घ्या. राजा कबूल झाला. हाच पुढे दर सात वर्षांनी यायचा कर झाला, मोनेदा फोरेरा. संमती देणारे नगरातले. भरणाऱ्यांत मात्र खेड्यापाड्यातले कुळवाडीही होते. हे लक्षात ठेवावं, कारण पुढचं सगळं याच फटीतून उलगडतं.

आता कोर्तेस प्रत्यक्षात कशी भरायची ते पाहू.

राजाच्या कचेरीतून नगराच्या पंचायतीला, म्हणजे कोन्सेहोला, पत्र जायचं. त्यात जागा, तारीख, कारण आणि एक ठरलेली मागणी असे: पुरेसा अधिकार असलेले प्रोकुरादोर पाठवा. ‘पुरेसा’ या शब्दात सगळी मेख होती. रोमन कायद्यातून उचललेली कल्पना अशी की प्रतिनिधीला पूर्ण मुखत्यारी असली तर त्यानं दिलेला शब्द मागे राहिलेल्या सगळ्यांना बांधतो. राजाला असा कोरा चेक हवा असे. नगराला मात्र आपला माणूस दोरीला बांधलेला हवा असे. म्हणून नोटरीनं लिहिलेल्या पोदेरसोबत नगरं वेगळी सूचनापत्रं द्यायची: एवढं मान्य कर, एवढं नाकार, हा मुद्दा आला तर आधी आम्हाला विचार. प्रोकुरादोर सभेच्या गावी पोचला की राजाचे अधिकारी पहिल्यांदा त्याचा कागद तपासत. मुखत्यारी तोकडी निघाली तर माणूस दाराशी अडायचा.

कोन्सेहोत हे नाव ठरायचं कसं? सुरुवातीच्या काळात चर्चची घंटा वाजवून गाव गोळा व्हायचं आणि उघड्यावर बोलणं व्हायचं. पण 1345 साली कास्तील-लेओनचा राजा आल्फोन्सो अकरावा यानं बुर्गोसला 16 रेहिदोर नेमून दिले आणि अशीच बंद मंडळं इतर नगरांतही बसवली. रेहिदोर म्हणजे आयुष्यभराचा नगरसेवक म्हणा. जागा रिकामी झाली की ती बापाकडून मुलाकडे किंवा राजाच्या मर्जीतल्या माणसाकडे जायची. मग प्रोकुरादोरही त्यांच्यातूनच, पाळीनं किंवा चिठ्ठी टाकून. व्हायादोलिदमध्ये तोव्हार आणि रेओयो या दोन घराण्यांच्या गटांनी पदं वाटून घेतली होती, सोरियात 12 घराण्यांनी. घंटा वाजायची थांबली तेव्हाच नगरातला सुतार, चांभार, विणकर या कागदावरून पुसला गेला. मला हा बदल 1188 इतकाच मोठा वाटतो, पण त्याची वर्धापनं कुणी साजरी करत नाही.

सभेत राजा आपली मागणी मांडायचा. सरदारांच्या वतीनं लारा घराण्याचा प्रमुख, पाद्र्यांच्या वतीनं तोलेदोचा आर्चबिशप आणि नगरांच्या वतीनं बुर्गोसचा प्रोकुरादोर उत्तर द्यायचा. 1348 च्या आल्कालाच्या कोर्तेसमध्ये तोलेदोनं हे मानायला नकार दिला. पहिला मान आमचा. बाचाबाची वाढली तेव्हा राजानं तोड काढली की तोलेदोवाले मी सांगेन ते करतील, त्यांच्या वतीनं मीच बोलतो, आता बुर्गोसनं बोलावं. पुढच्या कोर्तेसमध्येही हाच संवाद ठराविक विधीसारखा चालू राहिला आणि तोलेदोचे प्रोकुरादोर राजासमोर वेगळ्या बाकावर बसत. पहिल्या मानाच्या नारळावरून, मिरवणुकीतल्या क्रमावरून आपल्याकडे तालमी-तालमींत काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको.

मग तक्रारी. नगरं आपापल्या मागण्या लिहून आणत, त्या एकत्र करून राजाला देत आणि राजा एकेका कलमाखाली उत्तर लिहून देई. ‘मला मान्य आहे’ असं उत्तर आलं तर तो कायदा. ‘यात लक्ष घालायला सांगतो’ असं आलं तर समजायचं की काम लांबणीवर पडलं. मागण्या आणि उत्तरं यांची वही शिक्क्यासह नगरांना मिळायची, तिला क्वादेर्नो म्हणत. या वह्या ओळीनं वाचल्या की एक गोष्ट डोळ्यात भरते. तीच मागणी पुन्हा पुन्हा येते. राजाची गावं सरदारांना बक्षीस देऊ नका, वसुलीचे मक्ते सरदारांच्या माणसांना देऊ नका, प्रोकुरादोरांना वाटेत अटक करू नका. एकदा ‘मान्य’ झालेलं कलम चार सभांनी परत येतं, म्हणजे मधल्या काळात ते पाळलं गेलं नव्हतं.

बिघाड नेमका कुठं व्हायचा हे कळायला कास्तील आणि काताल्युन्या शेजारी शेजारी ठेवावेत. काताल्युन्यातल्या कोर्त्समध्ये, म्हणजे तिथल्या कोर्तेसमध्ये, आधी तक्रारी, त्यांना ग्रेउजेस म्हणत, आणि त्यांचा निकाल लागल्यावर राजाला पैसा. आरागोनमध्येही ग्रेउजेस होते, आणि तिथं निवाड्याला हुस्तिसिया नावाचा न्यायाधीश बसायचा. कास्तीलमध्ये मात्र बहुतेक वेळा पैसा आधी मंजूर व्हायचा आणि मागण्यांची उत्तरं नंतर. पैसे मोजून झाल्यावर माल बघायला मागितल्यासारखं. बाजारात असं कुणी करत नाही, पण कास्तीलची नगरं करत राहिली, कारण तिथं राजाला थोपवून धरायला सरदार त्यांच्यासोबत उभे राहत नव्हते. सरदार आणि पाद्री यांना सेर्विसिओ हा मुख्य कर द्यावाच लागत नसे, मग त्यांनी का भांडावं? काताल्युन्यात तिन्ही गट, म्हणजे चर्च, सरदार आणि राजाची नगरं, सोबत बसून राजाला अडवायचे. तिथं 1283 पासून सर्वसाधारण कायद्याला या तिघांची संमती लागू लागली. 1359 च्या सेर्वेरा कोर्त्सनं कर गोळा करायला आणि हिशेब ठेवायला स्वतःचं मंडळ नेमलं. जनरालितात नावानं ते पुढे कायम झालं. बार्सेलोना तर आपल्या प्रतिनिधींच्या मागे 24 जणांची समिती बसवायची. कोर्त्समध्ये काय बोलायचं ते या समितीकडून यायचं, आणि तिला न विचारता शब्द देता येत नसे.

गटवार प्रतिनिधित्व ही गोष्ट आपल्याला परकी नाही. बाजार समितीच्या 18 संचालकांत सोसायटी गटाचे 11, ग्रामपंचायत गटाचे 4, व्यापारी-अडत्यांचे 2 आणि हमाल-तोलाईदारांचा 1. कोण कोणत्या गटातून येतो आणि त्या गटाचा मतदार कोण, यावर गुळाच्या सौद्यात कुणाचं चालणार हे बरंच ठरतं. कोर्तेसचंही तसंच. फरक एवढाच की तिथं वावरात राबणाऱ्यांचा गटच नव्हता. स्वीडनच्या राज्यसभेत पुढे शेतकऱ्यांचा स्वतंत्र चौथा गट होता. आयबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात, तो कधी झाला नाही.

पोर्तुगालबद्दल थोडक्यात. तिथं नगरपंचायतींचे प्रतिनिधी 1254 च्या लेइरियाच्या सभेत पहिल्यांदा आले. 1385 मध्ये कोइंब्राच्या कोर्तेसनं जुआंव पहिला याला राजा निवडला, म्हणजे गादीवर कोण बसणार यात नगरांचा आवाज उठला. त्यांच्या मागण्या दोन प्रकारच्या असत, सगळ्या राज्याच्या आणि एकेका नगराच्या स्वतःच्या. दुसऱ्या प्रकारातल्या मागण्यांत पूल, चराई, पाण्याच्या चक्क्या, मक्तेदार असा रोजचा संसार दिसतो.

परत कास्तीलला येऊ. 1315 साली बुर्गोसला सुमारे 100 नगरांचे प्रोकुरादोर जमले होते. राजा लहान होता, सरदारांत यादवी होती आणि नगरांनी आपली एर्मांदाद, म्हणजे भाऊबंदी, बांधली होती. 1391 च्या माद्रिद कोर्तेसला 49 नगरांचे 126 प्रोकुरादोर होते. तेव्हाही राजा अल्पवयीन. पंधराव्या शतकात आकडा 17 वर येऊन थांबला: बुर्गोस, लेओन, तोलेदो, सेव्हिया, कोर्दोबा, मुर्सिया, हाएन, सामोरा, तोरो, सालामांका, सेगोव्हिया, आविला, व्हायादोलिद, सोरिया, क्वेंका, ग्वादालाहारा, माद्रिद. 1492 नंतर ग्रानादा धरून 18. प्रत्येकी दोन माणसं. एवढ्या मोठ्या राज्याचा कर 36 जणांच्या होकारावर.

हे कुणी एका दिवशी हुकूम काढून केलं नाही. लांबच्या गावाला माणूस पाठवणं महाग होतं. खेचरं, नोकर, मुक्कामाचा खर्च, वर सभा किती दिवस चालेल त्याचा नेम नाही. लहान नगरांना ते परवडेना. राजालाही कमी माणसं सोयीची. आणि जी नगरं उरली त्यांनीच दार आतून ओढून घेतलं. कोर्तेसमधलं मत हा मान होता, तो इतरांना का वाटायचा? ज्यांना मत नव्हतं त्यांच्या वतीनं शेजारचं मोठं नगर बोलायचं. अख्ख्या गालिसियासाठी सामोरा बोलायचं, एस्त्रेमादुरासाठी सालामांका. गालिसियातल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचं दुःख मैदानातल्या सामोराच्या रेहिदोरानं मांडायचं, अशी ती व्यवस्था.

भत्त्याचा मुद्दा याला जोडून येतो. 1422 मध्ये ओकान्याच्या कोर्तेसच्या वेळी प्रोकुरादोरांचा खर्च राजाच्या तिजोरीतून द्यायचं ठरलं. नगरांचे पैसे वाचले. पण ज्याचा भत्ता त्याची भाषा. पुढे तर मंजूर झालेल्या सेर्विसिओमधूनच प्रोकुरादोरांसाठी रक्कम काढली जाऊ लागली. कर मंजूर करणाऱ्यालाच त्या करातला वाटा मिळू लागल्यावर राजाच्या मागणीला ‘नाही’ कोण म्हणणार?

मुदतीचे कर कायमचे कसे होतात तेही इथं दिसतं. 1342 मध्ये बुर्गोसला आल्फोन्सो अकरावा यानं आल्हेसिरासच्या वेढ्यासाठी विक्रीवर कर मागितला, विसावा भाग. नगरांनी वेढ्यापुरता दिला. 1344 मध्ये आल्हेसिरास पडलं. कर राहिला. पुढं दर दहाव्या भागावर गेला आणि पंधराव्या शतकात तर तो घ्यायला राजा कोर्तेसला विचारतही नव्हता. आल्काबाला या नावानं कास्तीलच्या बाजारात तो शतकानुशतकं वसूल झाला. एक चांगलं पाऊलही नोंदवायला हवं. 1385 मध्ये आल्हुबारोतात पोर्तुगालकडून मार खाल्ल्यावर हुआन पहिला यानं राजाच्या सल्लागार मंडळात चार पाद्री, चार सरदार आणि चार नागरिक अशी वाटणी केली. बरोबरीची वाटणी! दोनच वर्षांत त्या चार नागरिकांच्या जागी कायदेपंडित आले.

आता शेतकरी. नगराला कास्तीलमध्ये व्हिया म्हणत आणि त्याच्या भोवतीच्या खेड्यांच्या मुलखाला तिएर्रा. सेगोव्हिया, आविला, सोरिया ही नुसती शहरं नव्हती. शेकडो गावांवर त्यांची हुकमत होती. गावातला मोठा तंटा नगराच्या न्यायाधीशापुढे, गायरान आणि जंगलाचे नियम नगराचे, कराचा वाटा नगर ठरवणार. म्हणजे कोर्तेसमध्ये सेगोव्हियाचा प्रोकुरादोर उभा राहायचा तेव्हा कागदोपत्री तो त्या सगळ्या खेड्यांच्या वतीनंही उभा असायचा. प्रत्यक्षात तो असायचा नगरातल्या घोडेस्वार घराण्यांतला, स्वतःची मेंढरं त्याच गायरानात घालणारा आणि बहुतेक करांतून सुटलेला. कर भरणाऱ्याला पेचेरो म्हणत. पेचेरोचा कर कर न भरणाऱ्यानं मंजूर करायचा.

खेड्यांना अगदीच वाचा नव्हती असं नाही. तिएर्राचे सेस्मो नावाचे भाग पाडलेले असत आणि प्रत्येक सेस्मोचा एक सेस्मेरो. गावांनी निवडलेला हा माणूस नगराच्या सभेत यायचा, कराच्या वाटपावर हरकत घ्यायचा, गायरान कुणी नांगरून घेतलं तर दाद मागायचा. आपल्या ओळखीचं नातं शोधायचं तर पंचायत समितीतला गणाचा सदस्य आठवावा. पण सेस्मेरोची पायरी नगराच्या दारात संपायची. आणि ती तिथंच संपावी यासाठी 1430 च्या बुर्गोस कोर्तेसमध्ये नगरांच्या प्रोकुरादोरांनीच राजाकडे मागणी लावली: कोर्तेसला येणारे प्रोकुरादोर शेतकरी किंवा सेस्मेरो नसावेत. कारण दिलं पाठवणाऱ्यांच्या मानमरातबाचं. मला या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत बोचणारं कलम वाटतं. ज्या दारातून 1188 मध्ये नगरं आत आली, त्याच दाराला त्यांनी आतून कडी लावायला सांगितली. शिवाय असं कलम मागावं लागतं याचा अर्थ कुठंतरी एखादा सेस्मेरो कागद घेऊन तिथपर्यंत पोचला होता किंवा पोचण्याच्या बेतात होता.

कास्तीलच्या उत्तरेकडे बेहेत्रीया नावाची गावं होती, तिथल्या शेतकऱ्यांना आपला धनी निवडायचा आणि बदलायचा हक्क होता. काही ठिकाणी ‘समुद्रापासून समुद्रापर्यंत’ कुठलाही धनी, दिवसातून सात वेळा बदलला तरी चालेल, अशी म्हणच होती. 1352 च्या सुमारास पेद्रो राजानं या गावांची मोठी नोंदवही करून घेतली. दोन हजारांहून जास्त गावं तिच्यात आहेत. कोण धनी, कोणाला किती देणं, सगळं लिहिलंय. निवडीचा हक्क असणाऱ्या या शेतकऱ्यांनाही कोर्तेसचं निमंत्रण जात नव्हतं.

मग खेड्यांनी स्वतःचा कागद कुठं मिळवलाच नाही का? मिळवला, आरागोनच्या दक्षिणेत. दारोका, कालातायुद आणि तेरुएल ही सीमेवरची नगरं, प्रत्येकाच्या ताब्यात मोठा मुलूख. दारोकाच्या खेड्यांची तक्रार जुनी होती: कराचा मोठा बोजा आमच्यावर, न्यायाधीश तुमचे, खर्च तुमच्या तटबंदीचा. 1248 मध्ये राजा हाइमे पहिला यानं या खेड्यांना नगरापासून वेगळं करून त्यांची स्वतंत्र कोमुनिदाद मान्य केली. कालातायुद आणि तेरुएलच्या खेड्यांनाही पुढं तेच मिळालं. आपल्याकडे हद्दवाढीचा विषय निघाला की करवीर तालुक्यातली शहरालगतची गावं काय काय मुद्दे मांडतात, घरफाळा, गायरान, ग्रामपंचायतीचा अधिकार, ते आठवून दारोकाचा कागद वाचला तर एकही शब्द परका वाटत नाही.

या कोमुनिदादची रचना नीट पाहण्यासारखी आहे. गावं सेस्मांत विभागलेली. सगळ्या गावांचे प्रतिनिधी जमत त्या सभेला प्लेगा म्हणत. प्लेगा कर वाटून देई, हिशेब तपासे, पदाधिकारी निवडे. राजाला एकरकमी, वेळेवर, मधला दलाल वगळून पैसा मिळायचा. गावांना नगराचा जाच कमी व्हायचा. दोघांची गरज जुळली म्हणून व्यवस्था टिकली. आणि आरागोनच्या कोर्तेसमध्ये चार गट बसत, मोठे सरदार, लहान सरदार, पाद्री आणि नगरं, त्यातल्या चौथ्या गटात दारोका नगराचा प्रोकुरादोर एकीकडे आणि दारोकाच्या खेड्यांच्या कोमुनिदादचा प्रोकुरादोर दुसरीकडे बसू लागला. कालातायुद आणि तेरुएलचंही तसंच. दोन वेगळे कागद, दोन वेगळी मतं. मध्ययुगीन आयबेरियात शेतकरी वस्ती राजसभेच्या सर्वांत जवळ गेली ती इथं. मात्र हे फक्त राजाच्या थेट अमलाखालच्या गावांसाठी. सरदारांच्या जहागिरीतल्या शेतकऱ्यासाठी, त्यातही मुस्लिम कुळांसाठी, आरागोनमध्ये काहीच नव्हतं. त्याचा सरदारच त्याच्या वतीनं बसलाय असं धरलं जायचं.

काताल्युन्यात तर सभाच शेतकऱ्याच्या विरोधात वापरली गेली. ज्या 1202 मध्ये बेनाव्हेंतेला नाण्याचा सौदा झाला, त्याच वर्षी सेर्वेरा इथल्या सभेत राजानं मान्य केलं की खासगी जहागिरीतल्या कुळाला सरदारानं मारलं किंवा त्याचं सामान नेलं तर कुळाला राजाकडे दाद मागता येणार नाही. आणि 1283 च्या ज्या बार्सेलोना कोर्त्सनं राजाचा हात बांधला, तिनंच असंही ठरवलं की जहागिरीतलं कूळ राजाच्या नगरात पळून गेलं तर सुटकेची रक्कम भरल्याशिवाय ते मोकळं होणार नाही. नगरांचे प्रतिनिधी त्या सभेत बसलेले होते. अशा बांधलेल्या कुळाला रेमेन्सा म्हणत. रेमेन्सा म्हणजे सुटकेची किंमत. याखेरीज पाच चाली होत्या. मृत्युपत्र न करता कूळ मेलं तर धन्याचा वाटा. मूलबाळ नसताना मेलं तर वाटा. बायकोनं व्यभिचार केला तर वाटा. घर जळालं तर दंड. लग्नात जमीन तारण ठेवायची तर धन्याला पैसे. लोक या सहांना ‘वाईट चाली’ म्हणत.

कोर्त्समध्ये जागा नाही म्हटल्यावर या शेतकऱ्यांनी जे केलं ते थक्क करणारं आहे. 1448 मध्ये राजानं, सरदारांच्या विरोधाला न जुमानता, त्यांना जमून आपले मुखत्यार निवडायची परवानगी दिली. अटी कडक. एका वेळी 50 हून जास्त माणसं जमायची नाहीत, राजाचा अधिकारी हजर पाहिजे, नोटरीनं सगळं लिहून घ्यायचं. मग गावागावांत बैठका झाल्या. नोटरी बसायचा, एकेक जण पुढं येऊन नाव सांगायचा, गाव सांगायचा, आणि सगळे मिळून आपले सिंदिक, म्हणजे मुखत्यार, नेमायचे. वाईट चाली रद्द व्हाव्यात म्हणून खटला चालवायचा आणि पैसा उभा करायचा अधिकार त्यांना द्यायचे. कोर्तेसच्या प्रोकुरादोराच्या पोदेरमध्ये जी भाषा असायची, जवळपास तीच. फक्त इथं एका नगराच्या 16 रेहिदोरांऐवजी दहा हजारांहून अधिक शेतकऱ्यांची नावं होती. आपल्या गोतसभेच्या महजरांवर, म्हणजे निवाड्याच्या कागदांवर, पाटलाचा नांगर, सुताराचं हत्यार अशा निशाण्या उठवलेल्या असतात. त्या पाहताना जसं ‘हा माणूस इथं होता’ असं वाटतं, तसंच या वहीची पानं पाहताना वाटतं.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. 1455 मध्ये राजानं वाईट चाली स्थगित केल्या, लगेच पुढच्या वर्षी सरदारांच्या दबावाखाली तो हुकूम मागं घेतला. 1462 मध्ये फ्रान्सेस्क दे व्हेर्न्तायात याच्या मागं शेतकरी शस्त्र घेऊन उभे राहिले. 1484 मध्ये पेरे जुआन साला यानं पुन्हा बंड केलं आणि 1485 मध्ये त्याला ठार मारण्यात आलं. शेवटी 21 एप्रिल 1486 रोजी आरागोनचा राजा फेर्नान्दो दुसरा यानं निवाडा दिला. सहाही वाईट चाली गेल्या, मारहाणीचा ‘हक्क’ गेला, आणि त्या बदल्यात प्रत्येक शेतघरामागं 60 सू (तिथलं चलन), चालीमागं 10 सू, अशी रक्कम ठरली. कूळ जमिनीवर राहिलं, खंड देत राहिलं, पण जायला मोकळं झालं. हा निवाडा काताल्युन्याच्या कोर्त्समध्ये झाला नाही. तो झाला दूर कास्तीलमध्ये, ग्वादालूपेच्या मठात, सरदारांचे आणि शेतकऱ्यांचे मुखत्यार राजासमोर असताना.

नगरांच्या कागदाचं काय झालं ते 1520 च्या मे महिन्यात सेगोव्हियात दिसलं. मध्ययुग सरलं होतं, पण हिशेब जुनाच होता. सेगोव्हियाचा प्रोकुरादोर रोद्रिगो दे तोर्देसियास यानं कोरुन्याच्या कोर्तेसमध्ये राजा कार्लोसच्या कराला होकार दिला आणि तो गावी परतला. सान मिगेलच्या चर्चमध्ये जाब द्यायला तो सोबत कागद घेऊन गेला, राजाकडून काय काय मिळवलं ते त्यात लिहिलेलं होतं. जमावानं कागद फाडला, त्याच्या गळ्यात दोर घातला आणि त्याला ओढत नेऊन आदल्या दिवशी मारलेल्या दोघांच्या मधोमध उलटा टांगला. वर्षभरात कोमुनेरोंचं, म्हणजे राजाविरुद्ध उठलेल्या नगरांचं, बंड व्हियालारला 23 एप्रिल 1521 रोजी मोडलं. 1538 च्या तोलेदो कोर्तेसनंतर सरदार आणि पाद्री यांना बोलावणंच बंद झालं. उरले ते फक्त 18 नगरांचे 36 जण.

1448 ची ती नावांची वही जिरोनाच्या नगर दफ्तरखान्यात जपलेली आहे. युनेस्कोच्या ज्या नोंदवहीत 2013 साली लेओनचे 1188 चे दस्त गेले, तिच्यात त्याच वर्षी ही वहीसुद्धा गेली.